पहाऱ्याचा परवाना कोणाच्या नावे? : महाराष्ट्रातील खाजगी सुरक्षा व्यवसायाच्या नियमनाचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : सुरक्षा रक्षक, परवाना, नोंदणी, वतन, मंडळ, अभिकरण

प्रस्तावना

कारखाना, बँक, रुग्णालय, महाविद्यालय किंवा गृहनिर्माण संस्था यांपैकी कोठेही प्रवेश करताना सर्वप्रथम भेटणारी व्यक्ती म्हणजे सुरक्षा रक्षक होय. एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती फाटकाची किल्ली द्यावयाची, तर त्याच्या विश्वासार्हतेची हमी कोणी तरी घेतली पाहिजे. ही हमी कोणी घ्यावी आणि ती कोणाच्या नावे नोंदवावी, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या प्रकारे दिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचे तीन टप्पे विचारात घेतले आहेत : वतनदार राखणदाराची पारंपरिक पद्धत, १९८१ चा राज्य कायदा आणि २००५ चा केंद्रीय कायदा. शेवटच्या टप्प्यात परवाना ही संज्ञा या व्यवसायात रूढ झाली. परंतु तो परवाना पहारा देणाऱ्याला नव्हे, तर त्याला कामावर पाठविणाऱ्याला मिळतो. या वस्तुस्थितीचे परिणाम तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

वतनदार राखणदार

मराठी मुलखात गावाच्या राखणीचे काम रामोशी, महार, जागल्या आदींकडे परंपरेने असे. पुणे व सातारा या भागांत रामोशांचे स्थान विशेष महत्त्वाचे होते. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात या पद्धतीचे वर्णन आढळते. गावात चोरी झाल्यास चोराचा माग काढण्याची जबाबदारी राखणदाराची असे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत गेल्यास ती जबाबदारी त्या गावाकडे जाई. चोर सापडला नाही, तर राखणदाराला ऐपतीप्रमाणे नुकसान भरून द्यावे लागे व उरलेला भार गावावर पडे.

या व्यवस्थेत हमी वैयक्तिक होती आणि तिच्या पाठीशी गाव उभे होते. राखणदाराला मोबदल्यात हक्क मिळत. मात्र ते जन्माने मिळत आणि जातीने बांधलेले असत. त्यामुळे या पद्धतीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्या रामोशांवर राखणीचा भार होता, त्यांच्याकडेच चोरीच्या संशयाने पाहिले जाई. पुढे वसाहतकालीन शासनाने मुंबई ग्राम पोलीस अधिनियम, १८६७ अन्वये गावातील पोलीस व्यवस्था पाटलाच्या आधिपत्याखाली कायद्याच्या चौकटीत बसविली. स्वातंत्र्योत्तर काळात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये संमत झाला आणि वतन म्हणून राखण करण्याचा कायदेशीर आधार संपुष्टात आला.

१९८१ : रक्षकाची नोंदणी

शहरी व औद्योगिक महाराष्ट्रात पहाऱ्याचे काम प्रथम मालकाच्या थेट नोकरीतील दरवान व पहारेकऱ्यांकडे होते. पुढे हे काम कंत्राटाने देण्याची प्रथा वाढली. रक्षक एका ठिकाणी उभा, त्याचा पगार दुसऱ्याच्या हाती आणि नोकरीची शाश्वती कोणाकडेच नाही, अशी स्थिती निर्माण झाली. या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ अस्तित्वात आला.

या कायद्याची घडण माथाडी कामगारांसाठीच्या १९६९ च्या कायद्यावरून घेतलेली आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळीतून आलेल्या त्या कायद्याने मालक आणि हमाल यांच्यामध्ये त्रिपक्षीय मंडळ उभे केले होते. शासन, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी त्यावर असत. सुरक्षा रक्षकांच्या बाबतीतही हेच तत्त्व लावण्यात आले. रक्षकाने मंडळाकडे नोंदणी करावयाची, आस्थापनेनेही मुख्य मालक म्हणून नोंदणी करावयाची, मंडळाने रक्षक पुरवावयाचा आणि वेतनाबरोबर ठरावीक लेव्ही मालकाने मंडळाकडे भरावयाची. भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा आदी लाभ मंडळामार्फत मिळतात. एका आस्थापनेतील काम संपले, तरी रक्षकाची मंडळाकडील नोंदणी त्यामुळे संपत नाही. हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय.

या कायद्याने खाजगी अभिकरणे, म्हणजे रूढ भाषेतील एजन्सी, पूर्णतः बंद केल्या नाहीत. कलम २३ अन्वये राज्य शासन विशिष्ट वर्गातील रक्षकांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकते. मात्र त्यांना मिळणारे लाभ एकंदरीने पाहता कायद्यातील लाभांपेक्षा कमी नसावेत, अशी अट आहे. या कलमाचा अर्थ १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे विचारार्थ आला. बृहन्मुंबई व ठाणे जिल्हा सुरक्षा रक्षक मंडळ हे त्या प्रकरणातील एक पक्षकार होते. सूट ही रक्षकांच्या संदर्भात असते, हा विचार त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला. कायद्याच्या केंद्रस्थानी एजन्सी नसून काम करणारा माणूस आहे, ही भूमिका त्यातून दृढ झाली.

तथापि १९८१ च्या कायद्याची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. तो मूलतः कामगार कल्याणाचा कायदा आहे. एजन्सी चालविणारी व्यक्ती कोण असावी, तिची पूर्वपीठिका कशी असावी, याविषयी त्यात सविस्तर विचार नाही.

२००५ : अभिकरणाचा परवाना

ही उणीव खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ या केंद्रीय कायद्याने भरून काढली. तो १४ मार्च २००६ पासून अमलात आला. परवान्यावाचून असे अभिकरण चालविणे हा गुन्हा ठरला. मूळ कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. परवाना राज्य शासनाने नेमलेल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडून मिळतो व त्याची मुदत पाच वर्षांची ठेवण्यात आली. मूळ कायद्यातील शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० रुपये आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये असे होते. अर्जदाराची पूर्वपीठिका तपासणे, साठ दिवसांत निर्णय देणे आणि परवाना नाकारल्यास गृह सचिवांकडे अपील करण्याची मुभा ठेवणे, असा या प्रक्रियेचा क्रम आहे.

रक्षकाविषयी कायदा गप्प नाही. कलम १० मध्ये वय १८ ते ६५, चारित्र्याची खातरजमा, शारीरिक पात्रता व विहित प्रशिक्षण या अटी आहेत. २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनी किमान वीस कामकाजाच्या दिवसांत १०० तास वर्गातील व ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण ठरविले. माजी सैनिक व माजी पोलीस यांच्यासाठी हेच प्रशिक्षण अनुक्रमे ४० व १६ तासांचे होते. अग्निशमन, गर्दीचे नियंत्रण, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी, प्रथम खबर देण्याची पद्धत यांबरोबर इंग्रजी अक्षरे व अंक वाचता येणे, हाही अभ्यासक्रमाचा भाग होता. अर्थात हे अकुशल काम नव्हे, हे शासनानेच मान्य केले.

परंतु या सर्व अटी पूर्ण केल्यावर रक्षकाच्या हाती काय राहते? प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र राहते आणि पोलीस पडताळणीचा दाखला मुदतीपुरता राहतो. छायाचित्रासह ओळखपत्र मात्र अभिकरण देते, आणि नोकरी सुटल्यावर ते अभिकरणाला परत करावे लागते, असे आदर्श नियमांत नमूद होते. व्यवसाय करण्याचा परवाना तर अभिकरणाच्याच नावे असतो. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. बंदूकधारी रक्षकाला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार स्वतःच्या नावे शस्त्र परवाना घेता येतो. म्हणजे बंदुकीसाठी कायदा रक्षकाला व्यक्ती म्हणून ओळखतो, पहाऱ्यासाठी नाही.

कामगारहिताचा विचार या कायद्यात अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कंत्राटी कामगार इत्यादी कायद्यांची अनुसूची त्याला जोडण्यात आली आणि त्यांचे उल्लंघन हे परवाना रद्द करण्याचे एक कारण ठरविण्यात आले. पण परवाना रद्द झाला, तर कसूर करणाऱ्या मालकाबरोबर रक्षकाचेही काम जाते. ज्याच्या हितासाठी शिक्षा करावयाची, त्यालाच तिची झळ बसते. त्यामुळे नाडल्या गेलेल्या रक्षकाला तक्रार करण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो.

ब्रिटनशी तुलना

योगायोगाने त्याच महिन्यात इंग्लंड व वेल्समध्ये याच प्रश्नाचे उलट उत्तर अमलात आले. तेथील खाजगी सुरक्षा उद्योग अधिनियम, २००१ नुसार २० मार्च २००६ पासून कंत्राटी सुरक्षा रक्षकाला वैयक्तिक परवाना सक्तीचा झाला. कंपन्यांसाठीची मान्यताप्राप्त कंत्राटदार योजना मात्र ऐच्छिक राहिली. तेथे परवाना रक्षकाच्या नावे असल्याने कंपनी बदलली, तरी तो त्याच्याबरोबर जातो.

याचा अर्थ ब्रिटिश पद्धत निर्दोष आहे, असा नव्हे. वैयक्तिक परवान्यासाठी अर्ज व शुल्क यांची जबाबदारी परवानाधारकावर येते. अल्पवेतनी कामगाराच्या दृष्टीने हा भार किरकोळ नाही. शिवाय नियामकाने परवाना नाकारला, तर त्या व्यक्तीला या व्यवसायाची दारेच बंद होतात. एजन्सीचा परवाना गेला, तर रक्षक निदान दुसरीकडे काम शोधू शकतो. म्हणून केवळ परवान्यावरील नाव बदलल्याने प्रश्न सुटत नाही. त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हेही ठरवावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. वतन पद्धतीत राखणदार ओळखीचा होता, पण जन्माने बांधलेला होता. १९८१ च्या कायद्याने त्याला कामगार म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. मात्र व्यवसाय चालविणाऱ्याची पारख केली नाही. २००५ च्या कायद्याने ती पारख केली. मात्र रक्षकाची ओळख पुन्हा अभिकरणाच्या स्वाधीन केली. महाराष्ट्रात हे दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत. त्यामुळे एकाच फाटकावर, एकसारख्या गणवेशात उभ्या असलेल्या दोन रक्षकांपैकी एकाच्या मागे मंडळाची नोंद असू शकते, तर दुसऱ्याच्या मागे केवळ एजन्सीचे परत करावयाचे ओळखपत्र.

या दोन कायद्यांतील दुवा जोडण्याची सामग्री महाराष्ट्राजवळ आहे. प्रशिक्षण, पोलीस पडताळणी आणि सेवेचा पूर्वेतिहास यांची रक्षकाच्या स्वतःच्या नावे, एजन्सी बदलली तरी टिकणारी नोंद मंडळांनी ठेवावी आणि तिचा खर्च लेव्हीतून भागवावा, हा मार्ग माथाडी परंपरेशी सुसंगत ठरेल. महाविद्यालयांसारख्या ज्या संस्था कंत्राटाने रक्षक नेमतात, त्यांनीही निविदा उघडताना एजन्सीच्या परवान्याची प्रत पाहण्यावर न थांबता, फाटकावर येणाऱ्या प्रत्येक रक्षकाचे प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि त्याच्या नावे भरलेल्या भविष्य निर्वाह निधीचा पुरावा मागणे आवश्यक आहे.