डीएनए बारकोडिंग : पतंग व फुलपाखरांची ओळख (दिल्ली परिसर)

डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जीवाची जाती ओळखण्याची पद्धत. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी ती २००३ मध्ये मांडली. प्राण्यांसाठी तंतुकणिकेतील ‘सीओआय’ जनुकाचा सुमारे ६५० बेस लांबीचा भाग वापरतात. हेबर्ट यांनी पद्धतीची पारख केली तीही पतंग-फुलपाखरांच्याच गटावर. जवळच्या नात्यातील २०० जातींचे नमुने तिने अचूक ओळखले.

कीटकाचा एक पाय पुरतो. त्यातला डीएनए काढून पीसीआरने हवा तो भाग वाढवतात, त्याचा क्रम वाचतात आणि ‘बोल्ड’ किंवा ‘जेनबँक’ या संग्रहांतील क्रमांशी ताडतात. खरा लाभ शेतीला आहे. पतंगांचे वर्गीकरण प्रौढाच्या पंखांवरून व जननांगांवरून होते. पीक खाते ती मात्र अळी. तिची ओळख पटवण्यासाठी एरवी ती पतंग होईपर्यंत पाळावी लागते. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीची खात्री करताना बाह्य लक्षणांच्या जोडीला हाच जनुक तपासला गेला.

दिल्लीत या कामाचा आधार म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेतील राष्ट्रीय पुसा कीटकसंग्रह. संस्था १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे स्थापन झाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये, दिल्लीला आली. या संग्रहातील नमुने व प्रत्यक्ष सर्वेक्षण यांवरून २०२१ मध्ये दिल्ली व राजधानी परिसरातील ३३८ पतंगजातींची सचित्र सूची प्रसिद्ध झाली. जुन्या नमुन्यांत डीएनए तुटलेला असतो; तेथे ६५० बेसहून आखूड तुकडे वाचून काम भागवतात.

मर्यादाही ठळक आहेत. तंतुकणिका फक्त आईकडून येते आणि वोल्बाकिया जिवाणूचा संसर्ग तिचा वारसा एका जातीतून दुसरीत पसरवू शकतो. दिल्लीतही सर्रास दिसणाऱ्या ‘कॉमन ग्रास यलो’ फुलपाखराचा जपानमधील अभ्यास याचा उत्तम दाखला आहे : तेथे या फुलपाखराची व त्याच्या भगिनी-जातीची तंतुकणिका सारखी निघाली, पेशीकेंद्रातील जनुकांनी मात्र दोन्ही वेगळ्या ठरवल्या.

त्याहून मोठा धोका चुकीच्या नावाचा. ‘बोल्ड’सारख्या संग्रहात चढलेला क्रम मुळात चुकीच्या जातीच्या नावाने नोंदलेला असेल, तर ती चूक पुढच्या प्रत्येक ओळखीत उतरते. म्हणून ज्याचा पाय काढला तो कीटक टाचणी लावून, ठिकाण, तारीख व संकलकाच्या चिठ्ठीसह, संग्रहालयात जपलाच पाहिजे. असा नमुना मागे नसलेला बारकोड विश्वसनीय मानू नये.