रस्त्याचे अंगण

नेदरलँड्समध्ये माणसे सायकलवरच जन्माला येतात, असा एक लाडका समज आपल्याकडे आहे. कागदपत्रे वेगळे सांगतात. १९५४ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या पोलीसप्रमुखानेच शहरातले कालवे बुजवून त्यांचे मोटाररस्ते करावेत, असे सुचवले होते. कालवे वाचले, पण पुढच्या वीस वर्षांत वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले आणि सायकल झपाट्याने मागे पडली. सायकलींचे म्हणून ओळखले जाणारे आपले पुणे पुढे ज्या वाटेने गेले, त्या वाटेवर डच शहरे आधीच चालू लागली होती.

१९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी त्यांतलीच. त्याने लेख लिहिला आणि त्यातून जी चळवळ उभी राहिली तिने नावही तसेच घेतले : ‘बालहत्या थांबवा’. अपघात म्हटले की दोष नशिबाचा. हत्या म्हटले की कोणीतरी जबाबदार ठरतो. लोकांनी रस्ते अडवून मुलांना खेळायला मोकळे करून दिले, सायकलींचे मोर्चे काढले.

या बदलाचे श्रेय १९७३ च्या तेलटंचाईला देण्याची रीत आहे. ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद राहिल्या आणि लोक महामार्गांवरून चालले, हे खरे. पण टंचाई काही महिन्यांत ओसरली. निव्वळ तेलाचा प्रश्न असता तर मोटारींबरोबर जुने नकाशेही परत आले असते.

ते आले नाहीत, कारण त्याआधीच डेल्फ्टमध्ये योस्ट व्हाल हा नगरपालिकेचा अभियंता वेगळे प्रयोग करत होता. गल्लीतला पदपथ आणि रस्ता यांमधली पायरीच काढून टाकायची, वाट मुद्दाम वाकडी करायची, मध्येच झाड लावायचे, उंचवटा करायचा. वेग कमी करा अशी पाटी लावण्याऐवजी वेग घेताच येऊ नये अशी रचना! अशा गल्लीला ‘वोनएर्फ’ हे नाव मिळाले. ‘वोनन’ म्हणजे राहणे, ‘एर्फ’ म्हणजे घराभोवतालची जागा. आपल्या ‘अंगणा’ला यापेक्षा जवळचा डच शब्द सापडणे कठीण. १९७६ साली त्याला कायद्याने मान्यता मिळाली. पादचाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी खुली, मुलांना खेळायची मुभा आणि मोटारीने माणसाच्या चालीने जायचे.

अंगणे महाग पडली. सगळे शहर असे उकरून काढणे नगरपालिकांना झेपेना, म्हणून १९८० च्या दशकात ताशी ३० किलोमीटरचे स्वस्त विभाग आले. मात्र नवे गाव वसवायचे तर हा विचार नकाशातच मांडता येतो. उट्रेख्टजवळचे हाउटन तसे वसले. गावाभोवती मोटारींचा वळसारस्ता. एका वस्तीतून दुसरीत मोटारीने जायचे तर आधी त्यावर बाहेर पडायचे, मग पुन्हा आत यायचे. सायकलवाट मात्र गावाच्या मधून, शाळा आणि स्टेशन जोडत सरळ जाते. मोटारींना बंदी नाही. त्या घरोघर आहेतही. फक्त शेजारच्या वस्तीत मोटारीने निघालेला माणूस पोहोचतो, तेव्हा सायकलवाल्याचा चहा निम्मा संपलेला असतो.