आता हे कोनाले द्याचं?

आमच्या गावच्या वाचनालयात टेबलावर दोन वह्या असायच्या. एक देवघेवीची. तिच्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख आणि सही. तपासणीला साहेब आले की ती पुढे केली जायची. दुसरी वही शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची, शाळेतल्या पोरांकडे असते तशी. तिला क्रमांक नव्हता आणि कोणत्याच साहेबानं ती कधी मागितली नाही. गावात तिला ‘पुढची वही’ म्हणत.

ही वही गुरुजींची. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर ते ग्रंथपाल झाले. मानधन इतकं तोकडं, की त्याचा उल्लेख ते स्वतःच हसत करायचे. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि त्यानंतर गावोगाव अनुदानावर वाचनालयं निघाली, त्यांतलंच आमचं एक. तालुका मालेगाव, आणि तेव्हा जिल्हा अकोला. मारुतीच्या पाराला लागून एक खोली, दोन कपाटं, एक सतरंजी. कोणी पुस्तक परत आणलं की गुरुजी आधी पानं दुमडली का ते पाहायचे, आणि मग विचारायचे, “झालं वाचून? मंग सांग, आता हे कोनाले द्याचं?”

पुस्तक कसं वाटलं, असं ते विचारत नसत. तसं विचारलं की माणूस ‘बरं होतं’ म्हणून सुटतो. पण कोणाला द्यायचं म्हटलं, की पुस्तक आणि माणूस दोन्ही डोळ्यांसमोर आणावे लागतात. उत्तर मिळालं की ते वहीत जायचं : पुस्तकाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, कोणासाठी, आणि शेवटच्या रकान्यात ‘का’. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपुढे एकानं सांगितलं होतं, रात्रपाळीनं ओलित करणाऱ्यानं न्याव्या, झोप येत नाही. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’पुढे होतं, नव्या मास्तरानं वाचावं, पण ज्या साली पाऊस लांबला त्या साली वाचू नये. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ एका बाईनं आपल्या जावेसाठी लिहवून ठेवली होती, कारण जावेचा नवराही न सांगता घरून निघून जायचा.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट, १९७९ची. एक दिवस गुरुजींनी माझ्या हातात उद्धव शेळक्यांची ‘धग’ ठेवली. म्हणाले, “हे तुह्यासाठी नाही. तुह्या मायसाठी हाय.”

“गुरुजी, मायले वाचता येत नाही.”

“तुले येते ना?”

माझ्या मायला ऐकायची सवय होती. चातुर्मासात मारुतीच्या पारावर पोथी लागायची. श्रीधराचा ‘हरिविजय’, नाहीतर ‘पांडवप्रताप’. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि बाया पदर सावरून मागच्या बाजूला बसायच्या. ‘हरिविजया’चे छत्तीस अध्याय मायनं किती वेळा ऐकले असतील, याचा हिशेब नाही. पण कादंबरी तिनं कधी ऐकली नव्हती.

‘धग’ १९६०ची. तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. कौतिकचा नवरा महादेव शिंपीकाम करणारा, त्याला पुढे महारोग होतो, आणि ही बाई लेकरांना घेऊन एकटी झगडत राहते. पहिल्याच रात्री मायनं मला थांबवलं. “काऊन रे, पुस्तकातले लोक आपल्यासारखं बोलतेत?” मी म्हटलं, हो. तिचा विश्वास बसेना. मीच गंमत करून वाचतोय असं तिला वाटलं. मी पान तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्या रात्री शेजारच्या दोघी आल्या. आठव्या रात्री ओटा भरला.

पुस्तक परत करायला माय स्वतः निघाली. वाचनालयाच्या उंबऱ्याला तिचा पाय तोवर लागला नव्हता. दारातच उभी राहून म्हणाली, “गुरुजी, हे कौतिकची पोथी माह्या बहिनीले धाडा, रिसोडले.” गुरुजींनी वही ओढली आणि तिचं नाव लिहिलं. मग तिनं ‘का’ ते सांगितलं. मी तेव्हा बाहेर पारावर पोरांशी बोलत होतो. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही.

मतदारयादी आणि रेशनकार्ड सोडलं, तर माझ्या मायचं नाव गावात तेवढ्या एका जागी लिहिलेलं होतं. आणि ती वही मी रद्दीत घातली.

१ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा झाला. अकोल्याला जाणारे आमचे कागद वाशीमला जाऊ लागले. काही वर्षांनी मी वाचनालयाचा सचिव झालो. गुरुजी थकले होते. तपासणी तोंडावर आली होती. फाटक्या पुस्तकांचं निर्लेखन करायचं राहिलं होतं. मी यादी केली, ठराव घेतला, मंजुरी आणली, रद्दीवाल्याला बोलावलं. ज्याला दाखल क्रमांक ते तपासून घेतलं, ज्याला क्रमांक नाही ते ढिगात टाकलं. ‘पुढच्या वही’च्या तोवर अकरा वह्या झाल्या होत्या. एकीलाही क्रमांक नव्हता. दुसऱ्या दिवशी गुरुजी काठी टेकत आले, कपाट पाहिलं, म्हणाले, “वह्या कुठं हाय बावा?” मी पहिल्या गाडीनं वाशीम गाठलं. रद्दीचे गठ्ठे आदल्या रात्रीच ट्रकमधून गेले होते. गुरुजी मला रागावले नाहीत. त्यांनी तो विषयच पुन्हा काढला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

त्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी पद्मतीर्थाच्या काठी जाऊन बसलो. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो होतो. १९३९ साली इथंच विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. या शाखेचा मूळ पुरुष राजा सर्वसेन, चौथ्या शतकातला. तो नुसता राजा नव्हता, कवी होता. त्यानं प्राकृतात एक काव्य रचलं. कृष्ण सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणतो, ती कथा. त्या काव्याचं नावही ‘हरिविजय’. माझी माय ज्याला हरिविजय म्हणायची ते श्रीधराचं, १७०२ सालचं. सर्वसेनाचं त्याच्या तेराशे वर्षं आधीचं.

सर्वसेनाचा ‘हरिविजय’ आज कुठंच नाही. पूर्ण पोथी मिळालेली नाही. तरी तो होता हे आपल्याला माहीत आहे, कारण वाचणाऱ्यांनी पुढच्यांना सांगून ठेवलं. नवव्या शतकात काश्मिरात बसून आनंदवर्धनानं कथेत बदल कसा करावा याचा दाखला देताना कालिदासाबरोबर सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चं नाव घेतलं. कुंतकानं सुकुमार शैलीसाठी या दोघांनाच शेजारी बसवलं. माळव्याच्या भोजानं त्यातल्या गाथा आपल्या ग्रंथांत घेतल्या, गुजरातच्या हेमचंद्रानं त्याचा उल्लेख केला. अशा विखुरलेल्या गाथा वेचून अभ्यासकांनी त्या काव्याचा थोडाफार आकार पुन्हा जुळवला आहे. वाशीमच्या राजाचं काव्य वाशीमनं जपलं नाही. ज्यांनी वाशीम बहुधा पाहिलंही नव्हतं, त्यांच्या शिफारशींत ते उरलं. आणि राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते याच वत्सगुल्मात!

आपल्याच जिल्ह्यात याच्या उलटही घडलं आहे. कारंजा लाडला सेनगण आणि बलात्कारगण यांच्या जैन मंदिरांत हस्तलिखितांचे भांडार आहेत. जैनांत आहार, औषध, अभय यांच्या जोडीला शास्त्रदान मोजतात. पोथी लिहवून घ्यायची आणि मुनींना किंवा मंदिराला द्यायची. म्हणून अशा पुष्कळ पोथ्यांच्या शेवटी कोणी लिहवली, कोणी लिहिली, कोणाला वाचायला दिली, हे नोंदलेलं असतं. म्हणजे गुरुजींच्या वहीतले रकाने तिथं शेकडो वर्षांपूर्वीच आखलेले होते. कारंज्याला पोथ्या राहिल्या, कापडात बांधून नीट राहिल्या. पण त्यांत काय आहे हे बाहेरच्यांना सांगणारं कोणी नव्हतं. १९२६ साली रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची नागपुरात छापली गेली, तिच्यात या पोथ्यांची नावं आली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी हे भांडार चाळले. मग १९३१ साली पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांच्या संपादनानं आणि १९३३ साली त्याचंच ‘णायकुमारचरिउ’ डॉ. जैनांच्या संपादनानं निघालं. कारंज्याहूनच ही पुस्तकं निघाली. दहाव्या शतकातला हा अपभ्रंश कवी त्यामुळं नव्या वाचकांना कळला. पोथी सांभाळणारा एक लागतो आणि ‘हे वाचा’ म्हणणारा दुसरा.

गुरुजी गेल्यावर मी नवी वही केली. ज्यांची नावं जुन्या वह्यांत होती असं आठवलं, त्यांच्याकडे जाऊन विचारू लागलो. पुस्तकाचं नाव अनेकांना सांगता येईना. “ते जाड होतं, कर्नाचं.” म्हणजे ‘मृत्युंजय’. “ते, ज्यात तो गडी उपाशी लोकांसाठी खजिना लुटते.” ‘फकिरा’. पण ते कोणी सांगितलं होतं हे मात्र बहुतेकांना चटकन आठवलं. पुस्तक विसरलं तरी सांगणारा लक्षात राहिला होता.

बौद्धवाड्यातल्या एका निवृत्त एस.टी. कंडक्टरांना मी विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं? ते म्हणाले, “दया पवारांचं ‘बलुतं’. कोनासाठी, तं साऱ्या गावासाठी. का, तं आमच्याकडचे वाचून झालेत.” मग थोडं थांबून म्हणाले, “गुरुजींनी लिहिलं तसंच. पन मारुतीच्या पाराकडून ते न्यायले किती जन आले, ते देवघेवीच्या वहीत पाहा सर. ते वही हाय ना?” ती होती. क्रमांक असल्यामुळं राहिली होती. मी पाहिली. पाराकडची तीन नावं होती, त्यांत एक गुरुजींचं. माझं नव्हतं. मी ‘बलुतं’ वाचलं ते चाळिशी ओलांडल्यावर, आणि तेव्हा माझ्या तरुणपणी हे पुस्तक दहा पावलांवर कपाटात होतं याची लाज वाटली.

रिसोडच्या मावशीकडे मी सगळ्यात शेवटी गेलो. खरं तर टाळत होतो. तिला आता दिसत नाही. ‘धग’ आठवते का म्हटल्यावर म्हणाली, “कौतिक ना? आठवते ना बाप्पा. तुह्या मायनं चिठ्ठी धाडली होती संगं, गुरुजीच्या अक्षरात. आमच्या पोरानं वाचून दाखवली.”

“काय होतं चिठ्ठीत?”

मावशीनं जरा विचार केला. “पोथीत शेवटी देव धावून येते. याच्यात कोनीच येत नाही. तरी आयक.”

नव्या वहीत मी ती नोंद केली. पुस्तक ‘धग’, सांगणारीचं नाव, कोणासाठी, आणि का. आता वहीत सत्तेचाळीस नोंदी आहेत. वाचनालयाची खोली अजून उघडते, संध्याकाळी दोन तास. कोणी पुस्तक परत आणलं की मी गुरुजींचाच प्रश्न विचारतो. आणि या वहीला मी दाखल क्रमांक दिला आहे.