रेन यांचे तीन टाके

१७. लुडविग रेन (१८४९–१९३०) : फ्रँकफर्टच्या महापालिका रुग्णालयातले शल्यविशारद. मूळ मजकुरातला उल्लेख त्यांच्या ९ सप्टेंबर १८९६ च्या शस्त्रक्रियेचा आहे. दोन दिवसांपूर्वी छातीत डाव्या बाजूला चाकू लागलेला २२ वर्षांचा एक माळीकामगार मरणपंथाला लागला होता. रेन यांनी छाती उघडली, तेव्हा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला दीड सेंटिमीटरची चीर दिसली. बोटाने रक्त थोपवत, हृदय सैलावेल त्या क्षणी सुई घालत त्यांनी रेशमाचे तीन टाके घातले. पुढे छातीत पू झाला, तोही काढावा लागला. रोगी मात्र वाचला.

अशा जखमेत केवळ रक्त वाहून गेल्यानेच मृत्यू येतो असे नाही. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचते, पिशवी झटकन ताणली जात नाही आणि हृदयाला भरायलाच जागा उरत नाही.

लेखकाने या शस्त्रक्रियेला सरसकट ‘पहिली’ म्हटले आहे, ते जरा सैल. क्रिस्तियानियात (आजचे ओस्लो) अ‍ॅक्सेल कापेलेन यांनी १८९५ मध्येच हृदयाला टाके घातले होते, पण त्यांचा रोगी दगावला. शिकागोच्या डॅनियल हेल विल्यम्स यांचे १८९३ चे उदाहरणही पुष्कळदा दिले जाते. त्यांनी शिवले ते हृदयावरचे आवरण.

१९०७ मध्ये रेन यांनी अशा १२४ शस्त्रक्रियांचा आढावा मांडला. त्यांतले सुमारे ४० टक्के रोगी वाचले होते. —संपा.