मुंबईत घडलेली एक उपेक्षित तबकडी

१९७० साली बीटल्स हा वाद्यवृंद दुभंगला आणि त्याच वर्षी जॉर्ज हॅरिसनच्या तीन तबकड्यांच्या संचाने त्याची स्वतंत्र कीर्ती प्रस्थापित केली. त्या दीप्तीत त्याची १९६८ सालची पहिली स्वतंत्र कृती, ‘वंडरवॉल म्युझिक’, झाकोळून गेली. एका चित्रपटासाठी रचलेल्या या संगीताचा भारतीय भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एच. एम. व्ही. ध्वनिमुद्रणगृहात सिद्ध झाला. आशिष खाँ यांचा सरोद, शिवकुमार शर्मांचे संतूर, महापुरुष मिश्रांचा तबला! जवळजवळ सारे वादनच. गीताच्या अपेक्षेने आलेला पाश्चात्त्य ग्राहक बिचकला असल्यास नवल नाही. माझ्या मते तिचे खरे मोल याच भागात आहे, कारण येथे आपली वाद्ये केवळ शोभेसाठी येत नाहीत. रचनेचा भार तीच वाहतात. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळही मुद्रित झाला आणि मार्च १९६८ मध्ये तो बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या मागील बाजूस उमटला.