अबकारीची वही



दारूने यकृत कसे निकामी होते आणि संसार कसे धुळीस मिळतात, हे सांगावयास इतिहासाच्या अभ्यासकाची जरुरी नाही. मला आज दारूकडे सरकारी जमाखर्चाच्या वहीतून पाहावयाचे आहे. व्यसन पिणाऱ्यालाच जडते असे नाही. ते तिजोरीलाही जडते.

पूर्वी कोकणात भंडारी ताडी काढीत, जंगलपट्टीत मोहाची दारू घरोघर गाळीत. तो काळ सोवळा होता असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. लोक तेव्हाही पीत होते. परंतु १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क मोजक्या मक्तेदारांच्या हाती एकवटला आणि ताडीच्या झाडागणिक कर बसला. घरची भट्टी गुन्हा ठरली, दुकानातील प्याला मात्र कायदेशीर! पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले वेचण्या-बाळगण्यावरही निर्बंध आले. टंचाईच्या दिवसांत हीच फुले उकडून पोट भरणाऱ्या वारल्या-कातकऱ्यांचे काय, हा प्रश्न अबकारीच्या वहीत कोठे मांडावयाचा?

विरोध झाला नाही असे नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला. १९०८ च्या वसंतात याच पुण्यात गुत्त्यांपुढे निरोधने झाली, स्वयंसेवकांवर खटले झाले, आणि टिळक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. समाजकारणात ज्यांचे मार्ग कधी जुळले नाहीत अशा दोन पक्षांचे या एका बाबतीत एकमत व्हावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खरी कोंडी १९१९ च्या सुधारणांनी केली. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली, आणि जमीनमहसुलाच्या खालोखाल मोठे उत्पन्न अबकारीचेच! दुकाने बंद करावीत तर शाळा कशावर चालवाव्यात? मुलांची पाटी बापाच्या प्याल्यावर अवलंबून ठेवणारी ही व्यवस्था होती.

तरीही १९३९ च्या ऑगस्टमध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी जारी केली. १९४९ चा कायदा त्याहून व्यापक. १९५० पासून बंदी राज्यभर झाली. बंदीबरोबर हातभट्टी आली, तिच्यामागोमाग हप्ते आले. साठोत्तरी दशकात परवाने सैल झाले, पण कायदा रद्द झाला नाही. पिण्यास परवाना लागतो, हे आजही कागदावर आहे.

कागदाबाहेरचे चित्र निराळे. २००४ साली विक्रोळीत ऐंशींहून अधिक, आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने दगावली. ती दारू मिथेनॉलची, म्हणजे कारखान्यात लागणाऱ्या स्वस्त द्रावणाची होती. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते; आधी दृष्टी जाते, मग प्राण. मेलेली बहुतेक माणसे हातावर पोट असणारी होती. परवान्याच्या दुकानातील बाटली त्यांना परवडत नव्हती.

त्याच २०१५ साली स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली. २०२१ मध्ये, अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचे कारण देऊन, सरकारने ती उठविली आणि दुकाने पुन्हा उघडली.