भरकटलेले जाळे ताळ्यावर कसे येते?

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा यशाच्या गोष्टी सांगतो. मी आज एका फजितीची गोष्ट सांगणार आहे. ती घडली २७ ऑक्टोबर १९८० रोजी, अमेरिकेत. अर्पानेट हे संगणकांचे जाळे त्या दिवशी कित्येक तास जवळजवळ निकामी होऊन पडले. हे जाळे म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ मध्ये ते सुरू झाले होते. त्या दिवशी कोणी तार तोडली नव्हती की घातपात केला नव्हता. जाळे बंद पडले ते तीन शिळ्या संदेशांमुळे.

अर्पानेटला मध्यवर्ती सूत्रधार नव्हता. ठिकठिकाणी ‘इम्प’ नावाची यंत्रे बसवलेली होती आणि टपालाची वर्गवारी करणाऱ्या कारकुनासारखी ती संदेश पुढे धाडत. आपल्या वाटा मोकळ्या आहेत की तुंबल्या आहेत, हे प्रत्येक इम्प शेजाऱ्यांना कळवी. शेजारी ती बातमी पुढे पोचवत. यातली ताजी बातमी कोणती हे ओळखता यावे म्हणून प्रत्येक बातमीवर ० ते ६३ पैकी एक क्रमांक असे. घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो, तसा ६३ नंतर पुन्हा ०. नियम साधा होता. या वर्तुळावर एका आकड्यापासून पुढे मोजत गेल्यावर दुसरा आकडा अर्ध्या फेरीच्या, म्हणजे ३२ घरांच्या आत आला, तर तो दुसरा नवा. नवी बातमी ठेवायची आणि पुढे धाडायची, जुनी टाकून द्यायची.

त्या दिवशी यंत्रातल्या बिघाडामुळे एका बातमीच्या क्रमांकातले अंक गळाले. संगणकाच्या द्विमान भाषेत ४४ हा आकडा १०११०० असा लिहितात. त्यातला एक १ पुसला गेला की १०१०००, म्हणजे ४० उरतो. आणखी एक पुसला की ००१०००, म्हणजे ८. अशा रीतीने एकाच इम्पच्या नावाने ८, ४० आणि ४४ या क्रमांकांच्या तीन बातम्या जाळ्यात शिरल्या. आता नियम लावून पाहा. ८ पासून ४० बरोबर ३२ घरे पुढे, म्हणून ४० नवा. ४० पासून ४४ चार घरे पुढे, म्हणून ४४ नवा. आणि ४४ पासून वळसा घेऊन ८ पर्यंत २८ घरे, म्हणून ८ नवा! प्रत्येक बातमी दुसरीला जुनी ठरवत राहिली. नियमाप्रमाणे चालणारे प्रत्येक इम्प त्या इमानेइतबारे पुढे धाडत राहिले. इतर कामांना त्यांना सवडच उरली नाही.

एखादे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, तरी शेजारी त्याला तीच बातमी पुन्हा सांगणार. शेवटी त्या इम्पच्या बातम्यांकडे दुर्लक्ष करा, अशी दुरुस्ती यंत्रायंत्रांत घालावी लागली. जे जाळे माणसाशिवाय चालावे म्हणून उभारले, ते माणसांनी हाताने सोडवले. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या घटनेचा सविस्तर अहवाल लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे.

मला या गोष्टीत सर्वांत चटका लावतो तो तिचा पूर्वार्ध. सहा वर्षे आधी, नोव्हेंबर १९७४ मध्ये, एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने जेमतेम दोन पानांचा एक लेख छापला होता. त्याचा प्रश्न वेगळाच होता. बिघाड कसा टाळावा, हे त्याने विचारलेच नाही. यंत्रणा कोणत्याही गोंधळात सापडली, तरी कोणी हात न लावता ती आपोआप ताळ्यावर येईल का, हे त्याने विचारले.

त्याच्या एका उत्तराची मांडणी अशी. काही यंत्रे गोलाकार बसली आहेत आणि प्रत्येकाजवळ एक आकडा आहे. प्रत्येकाला दिसतो तो फक्त डावीकडच्या शेजाऱ्याचा आकडा. पहिल्या यंत्राने, आपला आणि शेजाऱ्याचा आकडा सारखा असेल तर आपला एकाने वाढवायचा. शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्य. बाकीच्यांनी, आकडा वेगळा असेल तर शेजाऱ्याचा उचलायचा. ज्याला आकडा बदलता येतो, त्याची पाळी. एका वेळी एकाचीच पाळी असावी, हा हेतू. निदान यंत्रांइतके आकडे वापरले, तर सुरुवातीला आकडे कितीही विस्कटलेले असोत, काही वेळाने पाळी एकाकडेच उरते आणि मग ती शिस्तीत फिरत राहते. गंमत म्हणजे आपण आता ताळ्यावर आलो, हे कोणत्याही एका यंत्राला कळत नाही.

या लेखाकडे जवळजवळ कोणीच पाहिले नाही. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतल्या भाषणात त्याचा मनापासून गौरव केला, तेव्हा कुठे अभ्यासकांचे लक्ष गेले. त्याच वर्षी राडिया पर्लमन यांनी अर्पानेटच्या दुखण्यावर उपाय मांडला. क्रमांक गोल फिरवू नका, सरळ वाढू द्या, आणि प्रत्येक बातमीला आयुष्य ठरवून द्या. आयुष्य सरले की बातमी आपोआप बाद. म्हणजे बिघडलेले यंत्र बाजूला काढले, की त्याने पसरवलेला गोंधळ ठरावीक काळात विरून जातो. आज इंटरनेटवर वाटा शोधणाऱ्या यंत्रणांत बातमीचे वय मोजण्याची ही पद्धत रुळली आहे.

या विद्येला मर्यादा आहेत. बिघाड चालूच राहिला तर सावरण्याची हमी नाही, आणि सावरेपर्यंतच्या काळात चुका होतातच. रुग्णालयातल्या यंत्राला किंवा विमानाला एवढी सवलत देता येत नाही. तिथे वेगळी, अधिक खर्चिक तजवीज लागते. पण हजारो यंत्रांच्या जाळ्यात कुठे काय बिघडेल, याची यादी कोणालाच करता येत नाही. तिथे परतीची वाट आधीच आखून ठेवलेली बरी.

डाइक्स्ट्रा यांच्या त्या दोन पानांना २००२ मध्ये प्रभावी शोधनिबंधाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षीपासून तो पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)